आधी पोतं

निवतीच्या कड्यावरून सकाळपासून
एकच बाई सात वेळा पडली.
बाई म्हणजे रेतीचं पोतं,
चोपन्न किलो, बरोब्बर बिल्किसच्या वजनाचं,
कमरेला तिचाच पट्टा,
वर कुणीतरी गमतीने बांधलेली ओढणी.

दोर बस्त्याव फर्नांडिसच्या हातात.
पूर्वी रापण ओढायचा, आता सिनेमात माणसं पाडतो.
"पाडूक खंयचोय पाडीत," तो म्हणतो,
"पडलेलो माणूस परत चाय पिऊक इलो व्हयो."

सातव्या खेपेला आकडा सरकला.
पोतं कातळावर. शिवण उसवली,
रेती कालवांच्या खडकांवर सांडत राहिली
बराच वेळ.
बिल्किसचं बिस्किट चहात विरघळलं,
तिने पाहिलंच नाही.
बस्त्यावने वही काढली,
तारीख, वेळ, वारा कुठला, भरती किती,
आणि शेवटी हसून म्हणाला, "बरा झाला."

मी खालच्या लॉजवर उतरलेय,
मच्छीमार सोसायटीच्या कामाला.
कुलपं फोडते. मालकाने सही दिल्यावर.
कागदावर लिहिलेलं असतं कुठली दारं, किती दिवस,
कुठे थांबायचं,
आणि काही कोसळलंच तर रात्री कुणाला उठवायचं.
बस्त्यावकडेही तसाच कागद आहे, प्लास्टिकमध्ये,
खारं पाणी लागू नये म्हणून.

आत शिरायला तीन दिवस धरले होते.
चौदा मिनिटं लागली.
चिटणीस विष्णू कुबलांचा पासवर्ड
त्यांच्या होडीच्या नाळेवर रंगवलेला आहे,
लाल अक्षरांत, वर झेंडूचा हार:
सातेरीप्रसाद.
पुढे एक दोन तीन.
डिझेलचा परतावा, बर्फाची उधारी,
बुडालेल्यांच्या बायकांचा फंड,
सगळं खळ्यात पसरलेल्या सुकटासारखं
आणि राखणीला मांजर.

कुबल भडकले. "तुका आत कोणी सोडल्यान?"
तुम्हीच. मी सही दाखवली.
"सोसायटीची अब्रू काढलंस गो."

मला काही "बरा झाला" म्हणता आलं नाही.
त्यासाठी खाली काहीतरी फुटलेलं दिसावं लागतं.
माझ्याकडे फुटतं तेव्हा आवाज येत नाही,
रेती सांडत नाही,
कुणाचं बिस्किट विरघळत नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांना कड्यावर नेलं.
नवं पोतं, नवा आकडा, मोजणी परत एकपासून.
कुबल तंबाखू मळत उभे. तिसऱ्या खेपेला म्हणाले,
"आकड्याक कित्याक गाळी घालतास?
दोर बघ. खडकाक घासता."
बस्त्याव पालथा पडला, हात लांबवून
दोराची पोटची बाजू चाचपली.
उठला तेव्हा बोटांना तंतू चिकटलेले.
कालचं फाटकं पोतं चौघडी करून
त्याने दोराखाली सारलं
आणि वही कुबलांपुढे धरली:
तुमीच लिवा.

बिल्किस संध्याकाळी पडली.
दोन सेकंद.
पडद्यावर तो चेहरा दुसरीचा असणार,
आणि ते चौघडी पोतं कुठेच नसणार.
वर आली, केस पिळले,
चहात साखर कमी आहे म्हणाली.

परतताना कुबल बराच वेळ गप्प.
मग विचारलं, "बायलेचा नाव चलात?"
नाही.
"देवाचा?"
देव तर सगळ्यांनाच ठाऊक, काका.
कुणाला ठाऊक नसलेलं हवं.

ते थांबले. समुद्राकडे पाहिलं,
जिथे पाहण्यासारखं काही नव्हतं.
"पाण्याखाली एक खडप आसा.
बापाशीन दाखवलेलो. थंय मासळी कायम.
गावात कोणाक म्हायत नाय. तेका आमी..."

आणि माझ्याकडे बघून
तोंड मिटलं.